ह्यातलं फायनल कुठलं?

परवा पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाने शिडी टेकवली, माझ्या खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मान जरा तिरकी केली आणि विचारलं, "ताई, ह्यातलं फायनल कुठलं?"

दोन महिने खपून सजवलाय मी तो कोपरा. बैठकीवर परातीएवढाली फुलं, उशांवर पट्टे, एका उशीवर चौकडा, एकीवर ठिपके, भिंतीवर वेलींचा वॉलपेपर, खाली इकतच्या नक्षीचा गालिचा. हाताला लागेल ते आणून टाकलेलं नाही हो! एक नक्षी मोठी, एक मध्यम, एक बारीक असं धरायचं, आणि सगळ्यांत एक रंग सामाईक ठेवायचा. माझा गेरू आहे. पट्ट्यांचं कुणाशीही जमतं, म्हणून भांडखोर फुलांच्या मधे पट्टे बसवायचे. घरात असं एक तरी माणूस लागतंच. आमच्याकडे ते उशीवर आहे.

"फायनल म्हणजे?"

"सॅम्पल लावून ठेवलेत ना? आमच्या वहिनींनी पण भिंतीवर चार रंग मारून बघितले होते. शेवटी पांढराच घेतला."

"हे फायनलच आहे."

"सगळं?"

"सगळं."

तो काही बोलला नाही. चार पायऱ्या चढला, वरून खाली पाहिलं. उंचावरून एकसंध दिसेल अशी मला उगाच आशा. "वरून तर अजूनच आहे," म्हणाला. अजूनच काय, ते सांगितलं नाही. मग पात्यांवरची धूळ बघून म्हणाला, "एखादं फडकं द्या." मी उठेपर्यंत खाली वाकून त्याने ठिपक्यांची उशी उचललीसुद्धा. "हे चालेल? नाहीतरी ह्यात डाग कळणार नाही."

नवरा दारात उभा राहून हसत होता. त्याचं हसू मला जास्त लागलं. उशा निवडताना तीन वेळा विचारलं होतं, तिन्ही वेळा "छान" म्हणाला होता.

ह्या फुलाफुलांच्या कापडाने काय कमी ऐकून घेतलंय! हिंदुस्थानातून युरोपात जाणाऱ्या चिटांचं, म्हणजे ह्या छापील 'छींट' कापडाचं, तिकडच्या लोकांना इतकं वेड लागलं, की आपल्या विणकरांचा धंदा बसेल म्हणून फ्रान्सने १६८६ ते १७५९ छापील सुती कापडावर बंदी घातली होती. इंग्रजांनी 'छींट'चं 'चिंट्झ' केलं, घरभर पडदे लावले, आणि पुढे 'चिंट्झी' म्हणजे सवंग असं ठरवून मोकळे झाले. कापड आपलं, शब्द आपला, नावं ठेवणार ते. आणि राखाडी सोफा, राखाडी पडदा, राखाडी भिंत अशा घरात गेलं की सगळे आवाज खाली आणून "क्लासी" म्हणतात. तिथे कुणी विचारत नाही, रंग द्यायचा राहिला का म्हणून. तिथली उशी कुणी पुसायला घेत नाही.

असो. पंखा जोडताना वरच्या वाटीचा स्क्रू त्याच्या हातून निसटला आणि गालिच्यावर पडला. पडलेला मी डोळ्यांनी पाहिला. पण इकतच्या नक्षीला कडा अशी नसतेच, सूत विणण्याआधीच बांधून रंगवतात, त्यामुळे सगळं थोडं पसरट. अर्धा तास आम्ही तिघे हातापायांवर रांगत होतो. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्रजांनी जहाजांवर आडवेतिडवे पट्टे रंगवले होते. जहाज लपावं म्हणून नव्हे, तर ते कुठे आणि किती वेगाने चाललंय ह्याचा पाणबुडीला अंदाज चुकावा म्हणून. आमच्या स्क्रूला तीच सोय होती.

"ताई," गुडघे झटकत तो म्हणाला, "इथे वाघ बसला तरी दिसायचा नाही." मग वाटी तारेने बांधून गेला. जाताना पुन्हा एकदा कोपऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याचा खांदा थोपटला.

स्क्रू काल रात्री सापडला. दिवे घालवले होते, आणि नवरा अनवाणी होता. नक्की कुठे सापडला विचारलं, तर कळवळत म्हणाला, "त्या... त्या तसल्या डिझाइनवर!" तसल्या म्हणजे कसल्या, हे मी त्याला तीन वेळा विचारलं.