पोपटाला खाजवायचं ते डोक्यावर आणि मानेवर, पाठीवर नाही

पोपटांचे जे व्हिडिओ फिरत असतात, त्यातला एक प्रकार मला बघवत नाही. मालक पोपटाच्या पाठीवरून थेट शेपटीपर्यंत हात फिरवतोय, पोपट खाली वाकलाय, पंख जरा फाकवून थरथरतोय, आणि खाली लोकांनी बदामांची रांग लावलीय. "किती जीव आहे बघा दोघांचा!" जीव असेलही. पण पोपटांमध्ये पाठ, पंखांखालची जागा, पोट आणि शेपटीचं मूळ इथे जवळीक होते ती जोडीदाराशी, मीलनाच्या वेळी. त्या हातामुळे पक्ष्याच्या शरीराला एकच कळतं, विणीचा हंगाम आला.

डोकं आणि मान यांची गोष्ट वेगळी आहे. पोपटाची मान इतकी वळते की चोच जवळजवळ सगळीकडे पोचते, अगदी शेपटीच्या टोकापर्यंत. पोचत नाही ती स्वतःच्या डोक्यावर आणि मानेच्या वरच्या भागावर. पायानं खाजवता येतं, पण चोचीची सफाई पायाला कुठली? म्हणून हे काम जोडीदार किंवा जवळचा सोबती करतो. पिसं झडून नवी येतात तेव्हा तर हे फारच लागतं. प्रत्येक नवं पीस पातळ आवरणात गुंडाळलेलं उगवतं. आपली नखं ज्या द्रव्याची, त्याचंच ते आवरण. ते वाळलं की भुगा होऊन पडतं, पण डोक्यावरचं कुणीतरी काढून द्यावं लागतं. आपलं बोट तिथे सोबत्याच्या चोचीचं काम करतं. हलकेच, नखाच्या टोकानं, पिसांच्या उलट्या दिशेनं. फक्त पिसाची काडी पांढरट आणि कोरडी झालेली हवी. मुळाशी काळपट दिसली तर आत अजून रक्त वाहतंय, आणि ती दाबली तर पक्ष्याला खरंच दुखतं.

आणि पोपट मागतो हो! मान खाली घालतो, मानेवरची पिसं उभी करतो, डोळे अर्धे मिटतो, हवी ती बाजू पुढे करतो. माझा कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, मी मोबाइल बघत असले की हात आणि मोबाइल यांच्यामध्ये डोकं घालतो. मन भरलं की निघून जातो, नाहीतर तिथेच चोच घासत, करकर आवाज करत पेंगायला लागतो. चोचीचा तो आवाज पक्षी निवांत असल्याची खूण आहे.

पाठ कुरवाळत राहिलं की काय होतं, ते पोपट पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. नर खाल्लेलं वर काढून मालकाला भरवायला लागतो. अंधारे कोपरे धरून बसतो, घरातल्या इतर माणसांवर धावून जातो. आणि मग तोच "बिघडलेला" ठरतो. मादी तर नर नसतानाही अंडी घालू लागते. एक झालं की दुसरं, हंगाम संपतच नाही. प्रत्येक कवचासाठी तिच्या हाडांतलंही कॅल्शियम खर्च होतं, आणि एखादं अंडं आत अडकलं तर जीवावर बेततं. ती फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, जोर करताना दिसली, तर उद्याची वाट बघू नका, लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

न्यूझीलंडचा सिरोको नावाचा काकापो, म्हणजे तिथला न उडणारा पोपट, आठवतो? पिल्लू असताना श्वसनाच्या आजारामुळे त्याला माणसांनी वाढवलं. पुढे आपल्या जातीच्या माद्यांकडे तो वळलाच नाही. २००९ मध्ये चित्रीकरण चालू असताना तो प्राणिशास्त्रज्ञ मार्क कारवर्डाइन यांच्या मानेवर चढून मीलनाचा प्रयत्न करू लागला. जगभर लोक हसले. मला त्या पक्ष्याचं वाईट वाटतं. माणसाच्या हातावर वाढलेल्या पोपटाला माणूसच जोडीदार वाटू शकतो, त्यामुळे मर्यादा आपणच पाळायला हवी.

मिठी मारणं, मुठीत धरून छातीशी दाबणं हेही नकोच. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वास ओढणारा स्नायूंचा पडदा, नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास चालतो. ते दाबलं की श्वास अडतो.

पण सगळ्यात जास्त अन्याय होतो तो हात न लावू देणाऱ्या पोपटावर. गळ्यात कंठ असलेले आपले हिरवे पोपट बरेचदा अंगाला हात लावू देत नाहीत, आणि लगेच "चावरा आहे, माया नाही त्याला" म्हणून मोकळे होतो आपण. त्याची माया स्पर्शातच दिसली पाहिजे का? २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माणसांच्या हातावर वाढलेल्या पाच निळ्या-पिवळ्या मकाऊ जातीच्या मोठ्या पोपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीची व्यक्ती त्यांच्याकडे बघून बोलत होती तेव्हा ते डोक्याची पिसं जास्त फुलवत होते आणि गालांची उघडी कातडी लाल होत होती. तीच व्यक्ती पाठ फिरवून उभी राहिली की हे कमी व्हायचं. पाचच पक्षी, म्हणून फार मोठा दावा मी करणार नाही. पण नुसतं बघणं आणि बोलणंसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

चावण्याआधी पोपट सांगतो. डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या होतात, अंग ताठतं, शेपटी पसरते, कॉकाटीलचा तुरा मागे चपटा होतो. हे दिसत असताना वरून हात न्यायचा म्हणजे शिकारी पक्ष्यानं झडप घालावी तसंच. घरी कुणी आलं आणि "मलाही हात लावू दे" म्हणालं की मी स्पष्ट सांगते, हात समोरून, त्याच्या छातीच्या उंचीवर धरा आणि थांबा. त्यानं डोकं पुढे केलं तर दोन-तीन सेकंद खाजवा, बोट बाजूला घ्या. तो पुन्हा पुढे आला तरच पुन्हा. नाही आला तर आज नाही. पाहुण्याला राग आला तरी चालेल.