शिट्टीसकट भैरवी

आमच्या घरात बंद पडलेली वस्तू एकही नाही, आणि धड चालणारीही एक नाही. फ्रीजचं दार लावलं की खालच्या कोपऱ्यात गुडघ्यानं एक टोला द्यायचा, मग रबर बसतं. टीव्हीच्या रिमोटचं आवाज वाढवायचं बटण गेलंय, कमी करायचं शाबूत आहे. त्यामुळं एकदा आवाज कमी केला की वाढवायला उठून टीव्हीपर्यंत जावं लागतं, म्हणून आमच्याकडं टीव्हीचा आवाज कुणी कमीच करत नाही. गीझर आणि मिक्सर एकदम लावले की मेन स्विच पडतो. आंघोळीला जाणाऱ्यानं दार लावायच्या आधी ‘मिक्सर लावू नका!’ असं ओरडायचं, अशी वहिवाट आहे. पाहुणे मुक्कामाला आले की चहाच्या आधी मी त्यांना घर फिरवून दाखवतो. त्यांना वाटतं कौतुकानं दाखवतोय. मी सूचना देत असतो. पुण्याचे साडू एकदा म्हणाले, ‘‘अहो, हे सगळं कागदावर लिहून फ्रीजवर का लावत नाही?’’ लावलं होतं. गुडघ्याच्या टोल्यानं पडलं.

या सगळ्यांत मिक्सरचा मान मोठा, कारण आमचा रविवार त्याच्या हातात आहे. आमचं कोल्हापूर म्हणजे २०१९ साली मटणाच्या दरावरून आंदोलन केलेलं गाव. इथं रविवारी सकाळी तुम्ही मटणाच्या रांगेत दिसला नाहीत तर लोक तब्येत विचारायला घरी येतात. मटण मिळतं, पुढचं सगळं मिक्सरच्या मर्जीवर.

तांबड्या रश्श्याचं त्याच्यावाचून फार अडत नाही. त्याची चटणी उन्हाळ्यातच डंकावरनं कुटून आलेली असते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आत कांदा, लसूण, खोबरं. बरणी उघडली की निम्मं काम झालं. खरी परीक्षा पांढऱ्याची. मटणाचं अळणी पाणी काढून घ्यायचं, खसखस, तीळ, काजू, आलं, लसूण यांचं गंधासारखं वाटण करायचं आणि नारळाचं दूध घालून मंद आचेवर ठेवायचं. आच वाढली की रस्सा फुटतो. आणि खसखस ही तर स्वयंपाकघरातली सगळ्यात आडमुठी जिन्नस. तासभर भिजवा, गरम पाण्यात भिजवा, पातं फिरायला लागलं की ती भांड्याच्या कडेला चढून बसते आणि तिथून मजा बघते.

आमचा मिक्सर या भानगडीत थोडा वेळ भाग घेतो आणि मग बसतो. त्याला उचलून उलटा करायचा, बुडाखालचं लाल बटण दाबायचं आणि वाट बघायची. ही वाट बघणं मला बायकोनं नेमून दिलंय. आतले कार्बन झिजलेत, त्यामुळं चालू असताना जाळीतून निळ्या ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो. त्या वासावर चिरंजीव ओळखतात की आज पांढरा रस्सा आहे. वाटण निघतं ते जरा भरडच. दर घोटाला दोन-चार खसखशीचे दाणे दाताखाली येतात. गेल्या वर्षी एका लग्नात अगदी मऊसूत, दुधासारखा पांढरा वाढला, तर आमची सगळी पंगत एकमेकांकडं बघायला लागली. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘कॉर्नफ्लोर घातलंय.’’ घातलं नव्हतं. त्यांचा मिक्सर नवा होता.

मिक्सरचं आणखी एक वैर आहे ते आईच्या रेडिओशी. आई सकाळी आकाशवाणीचं सांगली केंद्र लावते, मीडियम वेव्हवर. मोबाईलवर स्वच्छ लागतं म्हणून सांगून झालं; तिच्या मते मोबाईलवरच्याला रेडिओ म्हणत नाहीत. कार्बनच्या ठिणग्या उडाल्या की मीडियम वेव्हवर नुसता खरखराट सुरू होतो, भावगीतातल्या चांदण्यात कुणी खडी टाकतंय असं वाटतं. आई आतून म्हणते, ‘‘झालं का गं वाटून?’’ बायको म्हणते, ‘‘झालंच आई.’’ हे ‘झालंच’ दहा-पंधरा मिनिटं चालतं. सासू-सुनेत याच्या पलीकडं कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. झालं असेल तर ते मिक्सरच्या आवाजात झालं असेल.

आता मूळ दुखणं. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, नोकरीच्या सुरुवातीला एक टेपरेकॉर्डर घेतला होता. गाण्याचा नाद जबर. देवल क्लबात बैठक असली की जेवण बाजूला ठेवून जाणार. कॅसेट विकत घ्यायची ती कोरी, नव्वद मिनिटांची, आणि रेडिओवर शास्त्रीय संगीत लागलं की टेप रेडिओच्या तोंडासमोर मांडून दोन बटणं एकदम दाबायची. मधे वायर वगैरे काही नाही. टेपला पुढं बारीक भोकं होती, त्यामागं माइक, आणि तो माइक निःपक्षपाती होता. रेडिओतलं जेवढं घ्यायचा तेवढंच स्वयंपाकघरातलंही.

त्यामुळं केसरबाई केरकरांची भैरवी आमच्या घरी आहे ती अशी: आधी निवेदिकेचा अर्धा शब्द. मग केसरबाई. स्थायी झाली की लांब कुठंतरी सायकलची घंटी. मग एक तान घेऊन बाई समेवर येतात आणि नेमकी त्याच क्षणी कुकरची शिट्टी होते. अगदी समेवर. अण्णा म्हणायचे, ठरवून वाजवली असती तर चुकली असती. त्यानंतर आईचा चाळीस वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज: ‘‘अहो, बारीक करा की जरा!’’ आई म्हणते ती गॅसबद्दल बोलत होती. अण्णा शेवटपर्यंत म्हणत होते, रेडिओबद्दल.

लहानपणापासून मी ही भैरवी अशीच ऐकलीय. चिरंजीवांनी मध्यंतरी मोबाईलवर तीच भैरवी लावून दिली. आवाज स्वच्छ, खरखर काढलेली. ऐकायला लागलो, तान आली, सम आली आणि मी थांबलो. शिट्टी नाही. पुढचं गाणं कुणीतरी पायरी चुकवून उतरल्यासारखं झालं. चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, हेच ओरिजिनल आहे.’’ असेल.

केसरबाईंबद्दल कोल्हापूरकर जरा जास्तच हक्कानं बोलतात, हे मान्य. बाई मूळच्या गोव्यातल्या केरीच्या. पण त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. म्हणजे निम्म्या आमच्याच. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. परग्रहावर कुणी भेटलंच तर त्याला ऐकवायला, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. त्यातलं ‘व्हॉयेजर १’ हे यान ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. भैरवी हा मैफल संपवायचा राग. परग्रहावरच्यांची मैफल तिथून सुरू व्हायची, पण त्यांना कोण सांगणार!

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या तबकडीबरोबर सुई दिलीय, कार्ट्रिज दिलंय, आणि झाकणावर ती कशी वाजवायची याची चित्रं कोरलीत. कोण, कुठला, हात आहेत की नाहीत हे माहीत नसलेल्या प्राण्याची एवढी सोय. आणि मी इथं मंगळवार पेठेत एका रबरी बेल्टसाठी दारोदार फिरतोय.

त्या बेल्टचं असं झालं. एका रविवारी मी टेप लावला होता. बायको आंघोळीला, मटण गॅसवर, आई अंबाबाईला गेलेली, चिरंजीव स्वयंपाकघरात काकडी खात उभे. भैरवी सुरू झाली, सायकल गेली, शिट्टी झाली आणि आईचा आवाज आला, ‘‘अहो, बारीक करा की जरा!’’ आजीचा शब्द पोरानं कधी मोडला नाही. त्यानं गॅस बारीक केला. इतका की तो विझला. बायकोनं बाहेर येऊन बघितलं नाही, कारण वास येत होता तो मिक्सरचा. दीड वाजता साडू सहकुटुंब ताटावर बसले तेव्हा मटण चावता चावता त्यांचे कान हलत होते. तांबडा मात्र तिघांनी तीनदा घेतला. त्या दिवसापासून रविवारी टेपला बंदी झाली आणि मग तो माळ्यावर गेला. दोन-तीन उन्हाळे त्यानं पत्र्याखाली काढले. खाली काढून उघडला तर आतल्या बेल्टची काकवी झालेली. बोटाला लागली ती रॉकेलनं निघाली.

चिरंजीवांनी तोवर एक बोलका डबा आणला होता. नाव घेऊन हाक मारायची आणि गाणं सांगायचं. मी म्हटलं, ‘‘केसरबाई केरकर.’’ डबा अतिशय अदबीनं म्हणाला, ‘‘केशर तुमच्या खरेदीच्या यादीत टाकलं आहे.’’ आई त्याला नावानं हाक मारायला तयार नाही. आतून बाईमाणसाचा आवाज येतो, अशा परक्या बाईला एकदम नावानं काय हाक मारायची? ती ‘‘अहो ताई’’ म्हणते आणि डबा गप्प बसतो. आईचं मत असं पडलंय की मुलगी चांगल्या घरातली आहे, पण ऐकायला कमी येतं.

शेवटी टेप पिशवीत घालून मी शिवाजी पेठेत एका बोळात राहणाऱ्या मेस्त्रींकडं गेलो. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागं संसार. टेबलावर तीन मिक्सर, एक इस्त्री, भिंतीला पोटं उघडी टाकलेले रेडिओ. आधी फोन केला होता, घरी येऊन बघाल का म्हणून. ‘‘कोण येतंय तिकडं? हितं आणून टाका,’’ असं उत्तर मिळालं. अंतर चालत पंधरा मिनिटांचं. तिकडं त्या ‘व्हॉयेजर १’ची आतली एक चिप बिघडली आणि ते निरर्थक बडबडायला लागलं, तेव्हा २०२४ साली नासाच्या मेस्त्रींनी २,४०० कोटी किलोमीटरवरून ते बसल्या जागी दुरुस्त केलं. निरोप पोचायला एका बाजूनं साडेबावीस तास! हे मी मेस्त्रींना सांगितलं. ते सोल्डरिंगची सळी फुंकत म्हणाले, ‘‘तेंच्याकडं पार्ट मिळत असतील.’’

पार्ट मिळाले नव्हते, बिघडलेल्या जागेतलं काम त्यांनी दुसऱ्या जागेत हलवून भागवलं होतं. आणि गंमत म्हणजे त्या यानात माहिती साठवायला टेपरेकॉर्डरच आहे. पण मेस्त्रींशी वाद घालायचा नाही, हा कोल्हापुरातला जुना नियम. वस्तू त्यांच्याकडं असते.

‘‘ह्याचा बेल्ट आता येत न्हाई, काका.’’

‘‘मग?’’

‘‘मोबाईलवर ऐका की. कशाला तरास करून घ्यायचा?’’

मी त्यांना अण्णांचं सांगितलं, रेडिओसमोर मांडलेला टेप सांगितला. त्यांनी टेप उलटा केला, दाताच्या ब्रशनं कडेची काळी घाण खरवडली, मोटर बोटानं फिरवून कानाशी धरली. चेहरा जरा निवळला. ‘‘मोटर झकास हाय. ठेवून जावा. दुसऱ्या कशाचा तरी बसवून बघतो. आन् ती कॅसेट पण ठेवा, तिच्यावरच वाजवून बघतो.’’

कधी येऊ, असं मी विचारलं नाही. मिक्सरबद्दल मात्र विचारून घेतलं. कार्बन घालता येतील, म्हणाले, पण आर्मेचर संपत आलंय. त्यापेक्षा नवा घ्या, पातं असलं धारदार येतंय की खसखशीचं पीठ होतंय. बायकोला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, ‘‘पीठ करून काय करू? आई विचारतील, खसखस घातलीस का नाही म्हणून.’’ मग कार्बनच घालून आणले. वास गेला, ठिणग्या गेल्या, रेडिओ सुधारला. चिरंजीव आता रविवारी स्वयंपाकघरात डोकावून विचारतात, आज काय आहे?

मेस्त्रींचा फोन काल दुपारी आला, नेमका मी जेवायला बसताना.

‘‘काका, टेप झालंय. बेल्ट बसला, पळतंय मस्त. पर मधी एक शिट्टी मारतंय.’’

‘‘अहो मेस्त्री, ती शिट्टी...’’

‘‘ऐका तर. हेड साफ केलं, येतीया. स्क्रू फिरवून बघितला, येतीया. मग दुसऱ्या टेपचं हेड काढून हेला घातलं, तरी बी येतीया, आन् अगदी त्याच जागी. तीस वर्सं ह्या धंद्यात हाय, असला फॉल्ट बघितला न्हाई.’’

‘‘तो फॉल्ट नाही, आमचा कुकर आहे तो.’’

पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

‘‘कुकर हाय व्हय. आन् मागनं कोण वरडतंय, बारीक करा म्हणून?’’

‘‘आमची आई.’’

‘‘मग काकूंना सांगा, आमच्या मंडळींनी आतनं ऐकलं आन् हिकडं गॅस बारीक केला. भात कच्चा ऱ्हायलाय आमचा. हेडचे पैसं येगळं हुतील. भाताचं काय ते तुमी बघा.’’