भुताच्या नावावर फाडलेले बिल

‘रात्रीस खेळ चाले’ ही भुताखेतांची मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झाली, तेव्हा सिंधुदुर्गातून तिच्यावर दोन आक्षेप घेतले गेले. तिच्यामुळे कोकणाची बदनामी होते, हा पहिला. आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, हा दुसरा. त्यानंतर २०१९ मध्ये दुसरे पर्व आले, २०२१ मध्ये तिसरे आले, अण्णा नाईक आणि त्यांची प्रेयसी शेवंता ही नावे मालिका न पाहणाऱ्यांच्याही तोंडी बसली आणि मालिकेत दिसणारा आकेरीचा तो वाडा पाहायला गाड्या भरभरून माणसे जाऊ लागली. तरीही गावाकडे फोन केला आणि विषय निघाला, की वाद त्याच दोन मुद्द्यांवर येऊन थांबतो. काका म्हणतात, आमच्या मुलखाला भुताळी करून टाकले. चुलतभाऊ म्हणतो, जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला तो काय उगाच? मला दोघांचाही राग कळतो, पण दोघेही चुकीच्या माणसाला धरून बसले आहेत असे मला वाटते, आणि तसे वाटण्याचे कारण मी जिथे राहते त्या जागेत आहे.

मी वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या पूर्वेला स्नोक्वाल्मीच्या खोऱ्यात राहते. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’ या मालिकेतली ओळखीची बरीच ठिकाणे याच खोऱ्यातली आहेत. शीर्षकदृश्यातला धबधबा म्हणजे आमचा ८२ मीटरचा स्नोक्वाल्मी धबधबा, त्याच्या माथ्यावरचे हॉटेल म्हणजे तिथला सॅलिश लॉज, आणि एजंट कूपर जिथे कॉफी पिऊन तृप्त होतो ते उपाहारगृह म्हणजे शेजारच्या नॉर्थ बेंड गावातले ट्वीड्स कॅफे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, आणि पुढे खुन्याचे नाव येणार आहे, तेव्हा ज्यांना ती पाहायची आहे त्यांनी इथेच थांबलेले बरे. एप्रिल १९९० मध्ये एबीसी वाहिनीवर पहिला भाग आला. त्यात लॉरा पामर या शाळकरी मुलीचे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले प्रेत नदीकाठी सापडते, एफबीआयचा डेल कूपर तपासाला येतो, आणि गावातल्या प्रत्येक घराआड काहीतरी लपवलेले आहे हे हळूहळू उघड होत जाते.

म्हणजे एका शांत, हिरव्यागार, पावसाळी मुलखात खून, अमली पदार्थ, वेश्याव्यवसाय आणि अमानवी शक्ती यांचा बाजार भरलेला दाखवला गेला. आमच्या कोकणातल्या मोजमापाने पाहिले तर बदनामीचा दावा लावायला एवढे पुरेसे आहे. इथे झाले उलटेच. ट्वीड्स कॅफेने कूपरच्या आवडीच्या चेरी पायची, म्हणजे चेरी भरलेल्या गोड पदार्थाची, पाटी लावली; २००० साली ते आगीत जळाले, पुन्हा उभे राहिले, आणि २०१७ च्या नव्या पर्वासाठी त्याला जुने रूप परत देण्यात आले. मालिकेत शेरीफचे कार्यालय म्हणून दाखवलेल्या इमारतीत आज रॅली ड्रायव्हिंगची शाळा चालते आणि तिच्यासमोर लोक हौसेने फोटो काढतात. जगभरातून चाहते येतात, लॉराची मैत्रीण ज्या पुलावरून अर्धवट शुद्धीत चालत येते त्या पुलावर उभे राहतात. मी स्वतः पाहुण्यांना घेऊन तिथे जाते, आणि भारतातून आलेल्यांना धबधब्याच्या तुषारांत भिजण्याखेरीज कशातच रस नसतो, हेही खरे आहे.

यावरून काकांना मी असे सांगू शकले असते, की पाहा, हे लोक किती मोठ्या मनाचे आणि आपण किती हळवे. पण तसे सांगणे खोटे ठरेल. एक तर गावाचे नाव कल्पित आहे, त्यामुळे झळ कमी बसली. शिवाय आकेरीतही शेवटी गर्दीच झाली; पर्यटक आले की बदनामीचा सूर कुठेही मवाळ होतो. आणि तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इथल्या लोकांनी मालिकेला विरोध केला नाही हे खरे, पण मालिका काय म्हणत होती तेही फारसे ऐकलेले दिसत नाही. लॉराच्या दफनविधीच्या प्रसंगात तिचा मित्र बॉबी सगळ्या गावासमोर ओरडून सांगतो, की तिला कुणी मारले ते विचारता काय, तुम्हीच मारलेत, आपण सगळ्यांनी मारले. ती अडचणीत आहे हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणीच काही केले नाही. ज्या मालिकेच्या गाभ्यात हा आरोप आहे तिचे चेरी पायमध्ये रूपांतर करणे, हाही तो आरोप न ऐकण्याचाच एक प्रकार आहे.

आता माझ्या तर्काकडे येते. ‘ट्विन पीक्स’मध्ये खुनी कोण हे १० नोव्हेंबर १९९० च्या भागात प्रेक्षकांना कळते. ते इतक्या लवकर सांगायची लिंच आणि फ्रॉस्ट यांची इच्छा नव्हती. वाहिनीच्या दबावामुळे ते उघड करावे लागले, आणि त्यानंतर मालिकेची जी पडझड झाली ती सर्वश्रुत आहे. खुनी निघतो लीलंड पामर, लॉराचा बाप. पण त्याच वेळी असेही सांगितले जाते, की त्याच्या अंगात ‘बॉब’ नावाची दुष्ट शक्ती शिरलेली होती. पकडल्यानंतर लीलंड कोठडीच्या दारावर डोके आपटून घेतो, छतावरच्या फवाऱ्यांतून पाणी कोसळत असते, आणि कूपर त्याला मांडीवर घेऊन प्रकाशाकडे जायला सांगतो. लीलंड रडतो, आपल्याला काही कळत नव्हते म्हणतो, आणि शांतपणे मरतो. मी हा प्रसंग पुन्हापुन्हा पाहिला आहे आणि दर वेळी अस्वस्थ झाले आहे, कारण ज्या माणसाने स्वतःच्या मुलीवर वर्षानुवर्षे अत्याचार केले त्याला इथे सद्गती मिळते आणि बिल फाटते ते बॉबच्या नावावर.

मालिकेला ही अडचण दिसत होती, याचा पुरावा लगेच पुढच्या प्रसंगात आहे. रानात उभे राहून शेरीफ म्हणतो, की हे सगळे मानणे कठीण आहे. त्यावर कूपर विचारतो, की बापाने स्वतःच्या मुलीवर बलात्कार करून तिला मारले, हे मानणे सोपे आहे का? माझ्या मते संपूर्ण मालिका या एका प्रश्नावर उभी आहे. बॉब आहे की नाही हे शोधत बसणाऱ्या चाहत्यांनी, आणि मीही त्यांतलीच आहे, घुबडे, लाल पडद्यांची खोली, हिरवी अंगठी या गूढ खुणांचे नकाशे काढले. पण बॉबची गरज कुणाला आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. त्याची गरज लीलंडला आहे, त्याच्या बायकोला आहे, गावाला आहे आणि पडद्यासमोर बसलेल्या आपल्यालाही आहे. भूत आले की घरातल्या माणसाकडे बोट दाखवावे लागत नाही.

बॉबच्या जन्माची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. फ्रँक सिल्वा हा चित्रीकरणाच्या वेळी सजावटीचे काम करणारा माणूस होता. लिंचने त्याला लॉराच्या पलंगाआड दडवून एक दृश्य घेतले, आणि नंतर दुसऱ्या एका दृश्यात आरशात त्याचे प्रतिबिंब चुकून टिपले गेले, तेव्हा लिंचने ते काढून न टाकता कथेत घेतले. म्हणजे जे भूत सगळ्या रहस्याचे उत्तर म्हणून मिरवते ते मुळात आराखड्यात नव्हतेच. घर मात्र पहिल्या भागापासून होते.

१९९२ मध्ये लिंचने या मालिकेचा पूर्वार्ध सांगणारा चित्रपट काढला, ‘फायर वॉक विथ मी’. त्यात लॉराचे शेवटचे सात दिवस तिच्याच बाजूने दिसतात. बॉब त्यातही आहे, पण मला जास्त भीती वाटते ती जेवणाच्या टेबलावरच्या प्रसंगाची, जिथे बॉब दिसत नाही. लीलंड मुलीचा हात हातात घेतो, तिच्या नखात मळ आहे, तिने हात धुतलेले नाहीत, असे म्हणत तिला घेरत जातो. तिच्या गळ्यातली साखळी कुणी दिली ते विचारतो. आई मध्ये पडायचा प्रयत्न करते आणि तिचे चालत नाही. त्यात अमानवी असे काहीही नाही. असे जेवण कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत होऊ शकते. त्या चित्रपटावर तेव्हा बरीच टीका झाली, कारण अनेकांना कॉफी, चेरी पाय आणि गमतीदार माणसे हवी होती, आणि चित्रपटाने लॉराचा चेहरा समोरून हटू दिला नाही.

२०१७ च्या पर्वाचा शेवटही मी याच अंगाने वाचते. कूपर भूतकाळात जाऊन लॉराला वाचवू पाहतो, मग दुसऱ्याच नावाने जगणाऱ्या तिच्यासारख्या एका बाईला शोधून पामरांच्या घराशी आणतो, आणि दार उघडणारी बाई पामर नावाचे कुणी आपल्याला माहीतच नाही म्हणते. हे कोणते साल आहे, असे कूपर विचारतो; दुरून आईची हाक येते आणि ती बाई किंकाळी फोडते. काळाच्या समांतर धाग्यांचे तर्क पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही मला आवडतातही, पण मला इतकेच दिसते की खून पुसून टाकला तरी घरात जे झाले ते पुसले जात नाही, आणि मुलीला वाचवायला निघालेल्या कूपरने तिला त्याच दाराशी आणून उभे केले.

आता अण्णांकडे वळू. ‘रात्रीस खेळ चाले’ची सुरुवातही घरातल्या मृत्यूनेच होते, अण्णा जातात आणि पांगलेले कुटुंब वाड्यात जमते. दुसरे पर्व मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवते, म्हणजे लिंचने मृत लॉराला जिवंत करून जे केले तेच, फरक एवढाच की आपल्याकडे कॅमेरा मेलेल्या कर्त्या पुरुषाकडे वळला. हे अण्णा बायकोचा पदोपदी पाणउतारा करतात, परस्त्रीवर डोळा ठेवतात, आणि आड येणाऱ्याचा जीव घ्यायला कचरत नाहीत. माधव अभ्यंकरांनी ते इतके ताकदीने उभे केले, की प्रेक्षक त्यांच्या प्रेमात पडले. अण्णा आणि शेवंतेची जोडी विनोदाचा, कौतुकाचा, लग्नाच्या हॉलमधल्या नकलांचा विषय झाली. तिसऱ्या पर्वात दोघे भुते म्हणून वाड्यात वावरले, आणि मग पुन्हा सगळा वाद भुतांचा.

काकांना मला विचारायचे आहे, की अण्णांसारखी माणसे आपण पाहिलेली नाहीत का? मोठ्या घरातला, शब्दाला वजन असलेला, ज्याच्याविषयी सगळ्यांना सगळे ठाऊक आहे आणि ज्याच्यासमोर कुणी ब्र काढत नाही, असा पुरुष कोकणाबाहेरही गावोगाव आहे, आणि त्याला दाखवण्यात मुलखाची बदनामी कशी होते हे मला कळत नाही. चुलतभावाशी माझा मतभेद वेगळा आहे. भोंदूगिरीविरुद्ध कायदा हवाच, नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाल्यावरच तो आला. पण गोष्टीतल्या भुताला हा निकष सरसकट लावला तर ‘ट्विन पीक्स’ही बाद होईल, आणि अण्णांचे एकही भूत न दाखवता त्यांना लाडके करून सोडणारी मालिका मात्र विवेकाच्या परीक्षेत सहज पास होईल. भूत असण्यावर माझी हरकत नाही. ते माणसाची सुटका करते की त्याला पकडून देते, एवढे पाहावे.

तिथे नाईकांच्या वाड्याची गोष्ट मला कमी पडलेली वाटते. लिंचने लीलंडला एकदा सोडले आणि पुढच्याच चित्रपटात लॉराच्या नजरेतून त्याला पुन्हा पकडले. आपल्याकडे अण्णा मेल्यावरही सुटलेलेच राहिले. पुन्हा कधी एखादे पर्व काढायचे झाले, तर त्यात अण्णा नकोत, शेवंताही नको. अण्णांच्या बायकोने, माईंनी, त्या वाड्यात काय पाहिले, काय ओळखले आणि काय गिळले, ते त्यांच्या बाजूने दाखवावे. तशी मालिका आली तर मी इथे अवेळी जागून तिचा प्रत्येक भाग पाहीन, आणि काकांशी भांडायला मला नवा विषयही मिळेल.