खाडीकाठी सुखाने नोकरी कशी करावी

वन्यजीवशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन ठाणे-नवी मुंबई परिसरात सरकारी जीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू होऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींनी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. ही जागा वन्यजीवांसाठी निघालेली नाही, ती नस्तीसाठी, म्हणजे कार्यालयातल्या फायलीसाठी, निघालेली आहे. प्रत्येक नस्तीत 'शास्त्रीय अभिप्राय' असे शीर्षक असलेले एक पान लागते, आणि ते पान लिहिण्यासाठी तुमची अकरा महिन्यांच्या करारावर, एकत्रित मानधनावर नेमणूक होते. करारपत्राच्या शेवटी 'वरिष्ठ वेळोवेळी सोपवतील ती अन्य कामे' असे एक कलम असते. नवखा उमेदवार ते वाचत नाही. मुरलेला उमेदवार तेवढेच वाचतो आणि सही करतो.

रुजू झाल्यावर पहिली कुरबुर वेळेवरून होईल. ठाण्याची खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब आहे आणि तिचे वेळापत्रक चंद्राकडे असते. ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे पडले की फ्लेमिंगो त्यावर चरायला उतरतात, म्हणून मोजणी करायची तर ओहोटी गाठावी लागते; आणि ही ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कार्यालय मात्र 2020 च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यापासून सकाळी 9.45 ला सुरू होते आणि अमावास्या असो की पौर्णिमा, तसूभरही सरकत नाही. खाडीवरचे कोळी तिथीला पाऊणपटीने गुणून भरतीची वेळ सांगतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, ठाण्याच्या बाजूला पाणी थोडे मागाहून चढते एवढेच. ही रीत तुम्ही जरूर शिकून घ्यावी, पण ती तोंडावर येऊ देऊ नये. पहाटे चारला ऐरोलीहून होडी सोडून, गुडघाभर चिखल तुडवून साडेदहाला कार्यालयात पोहोचलात, तर हजेरीच्या यंत्रात तुम्ही 'विलंबाने उपस्थित' असता, आणि प्रवासभत्त्याच्या देयकात होडीसाठी रकाना नसतो. यावर जुन्या मंडळींनी काढलेला तोडगा असा की, पक्षी दुपारी बारा ते चार या वेळेत मोजावेत, आणि त्या वेळी भरती असेल तर मागच्या महिन्याचे आकडे पुन्हा पाहावेत.

मोजणीचे शास्त्र तुम्हाला ठाऊक असणारच. थव्यातले शंभर पक्षी एकेक करून मोजायचे, त्या शंभरांनी दुर्बिणीच्या वर्तुळात केवढी जागा व्यापली ते डोळ्यांत साठवायचे आणि तसे किती ठोकळे दिसतात ते पाहत पुढे सरकायचे. होडी हलत असते, चिखलावरून धुके उठत असते, आणि नेमके याच वेळी निम्म्या पक्ष्यांनी मान खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळायला घेतलेला असतो, त्यामुळे मोठा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) कोणता आणि छोटा रोहित कोणता हे चोचीच्या रंगावरून ठरवण्यासाठी त्याने मान वर काढेपर्यंत श्वास रोखून थांबावे लागते. काळ्या टोकाची गुलाबी चोच म्हणजे मोठा, गडद किरमिजी म्हणजे छोटा. हे सगळे मन लावून करावे, कारण नोकरीतला एवढाच भाग खरोखर आनंदाचा आहे. मात्र अहवालात 'अंदाजे', 'त्रुटीची मर्यादा', 'दुबार मोजणीची शक्यता' असले शब्द घालून वरिष्ठांचा वेळ दवडू नये. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत या परिसरातले फ्लेमिंगो लाखाच्या पुढे गेल्याचे सर्वांनी वृत्तपत्रात वाचलेले आहे, त्यामुळे लाखाखालचा कोणताही आकडा ही तुमची वैयक्तिक कामचुकारी समजली जाईल. आकडा वाढला तर ते संवर्धनाचे यश असते. तो घटला तर हवामानबदल असतो. हे दोन परिच्छेद आधीच टंकलिखित करून ठेवावेत.

एक धोक्याची सूचना येथेच देऊन ठेवतो. फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, त्यांचे खाणे म्हणजे प्रामुख्याने निळे-हिरवे शेवाळ आणि बारीकसारीक जलचर, आणि खाडीत हे शेवाळ इतके माजण्याला शहरांचे सांडपाणी हातभार लावते, असे अभ्यासकांचे मत आहे. हे मत उद्घाटनाच्या भाषणासाठी मुद्दे काढून देताना चुकूनही लिहू नये. एक तर पाहुण्यांना ते आवडणार नाही. आणि आवडलेच, तर पुढच्या वर्षी सांडपाणी प्रक्रिया न केल्याबद्दल कोणाचा तरी सत्कार ठेवावा लागेल.

आता हद्दीकडे वळू. हद्द ही संकल्पना ज्याला कळली त्याला ही नोकरी कळली. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. ही सारी व्यवस्था चोख आहे. खोट आहे ती पक्ष्यांत. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की हे पक्षी अभयारण्याची अधिसूचना न वाचताच उडतात आणि नेरुळ-सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळींत जाऊन एका पायावर उभे राहतात. म्हणजे जेवण अभयारण्यात आणि विश्रांती हद्दीबाहेर, असा दिवसातून दोनदा चालणारा हा बेकायदेशीर प्रकार आहे. त्या पाणथळींत खाडीचे पाणी येण्याची वाट बुजली, पाणी आटले, तळ सुकला की लोक तुम्हाला फोन करतील. तुम्ही नम्रपणे सांगावे की, सदर पक्षी संरक्षित असले तरी सदर पाणी संरक्षित नाही. पाणी कोणाच्या अखत्यारीत येते हे विचारणारे पत्र पाठवावे. त्या पत्राचे उत्तर येईपर्यंत पक्षी कच्छकडे परतलेले असतात आणि विषय आपोआप निकाली निघतो.

तरीही कोणी पाठपुरावा केलाच, तर शहरातल्या चौकाचौकांत उभे केलेले फ्लेमिंगोंचे पुतळे दाखवावेत. नवी मुंबईला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेण्याची हौस आहे आणि पुतळ्यांची संख्या, हे कबूल करायला हवे, दरवर्षी वाढते आहे. त्यांना भरती-ओहोटी लागत नाही, ते हद्द ओलांडत नाहीत आणि रंग उडालाच तर त्याची निविदा काढता येते. जिवंत पक्ष्यांचे तसे नाही. 2024 च्या सुरुवातीला नेरुळ जेट्टीच्या रस्त्यावरील एका फलकाला धडकून फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या आणि नंतर तो फलक काढावा लागला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास पक्षी मेले. असे काही घडले की तुम्हाला रात्री-अपरात्री घटनास्थळी बोलावले जाईल. विजेरीच्या उजेडात तुम्ही पंख मोजाल, वय ठरवाल, पिशव्यांना चिठ्ठ्या बांधाल, शवविच्छेदनासाठी पाठवाल. पंचनाम्यात 'पक्ष्याचा रंग' असा रकाना असतो. तेथे 'गुलाबी' एवढेच लिहावे. करडी पिसे म्हणजे अजून रंग न चढलेली पिल्ले, हे लिहायला तेथे जागा नसते, आणि सकाळी ते वाचायला कोणी थांबत नाही.

कांदळवनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या मँग्रोव्हच्या, बाबतीत तुमचे काम अधिक सोपे आहे, कारण तेथे कायदा तुमच्या बाजूचा आहे असे तुम्हाला वाटत राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवनाची तोड हा नागरिकांच्या मूलभूत हक्कावरचा घाला आहे, त्याच्या भोवतालच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला मज्जाव आहे, आणि सार्वजनिक हिताच्या प्रकल्पाला तोड करायची असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. अशी परवानगी मागताना जोडायचे पान अर्थात तुमचे असते. त्यात बाधित होणारी झाडे मोजायची. आणि तिवराची दीड फुटी रोपे झाडांत धरायची की नाहीत, हा प्रश्न मनात आला तरी वर्गात विचारावा तसा बैठकीत विचारू नये. त्यानंतर भरपाईची लागवड. 2019 च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेप्रमाणे बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट क्षेत्रावर कांदळ लावावे लागते. एवढी मोकळी जागा या दोन शहरांच्या मध्ये कोठे आहे, असे तुम्ही विचाराल. नकाशा नीट पाहा. जेथे काहीच दिसत नाही, झाड नाही, झुडूप नाही, नुसता सपाट राखाडी पट्टा आहे, ती जागा मोकळी. तो चिखल आहे, त्यात कृमी, शिंपले, खेकडे आणि शेवाळ आहे, हजारो पाणपक्षी त्यावर हिवाळाभर जगतात, आणि फ्लेमिंगोंचे ताट म्हणतात ते हेच, या गोष्टी उपग्रहाच्या चित्रात दिसत नाहीत. म्हणून तेथे रांगेने रोपे लावावीत. तीन वर्षांनी हिरवा रंग दिसू लागला की वृक्षाच्छादन वाढल्याचे लिहावे, आणि पक्षी कमी उतरले तर हवामानबदलाचा परिच्छेद तुमच्यापाशी तयार आहेच. याउपर कोणी चिखल वाचवायला हवा म्हणू लागला, तर त्याच्या बोलण्यावर सभेत हशा पिकेल याची खात्री बाळगावी. चिखलासाठी आजवर कोणी मेणबत्ती पेटवलेली नाही.

बिबट्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी सर्वांनाच सर्व काही माहीत असते. येऊरच्या डोंगराला लागून घोडबंदर रस्त्यावर तीस-तीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले, त्यांच्या जाहिरातीत 'जंगलाच्या कुशीत' असे छापले गेले, आणि आता कुशीतले जंगल रात्री कुत्र्यांच्या मागे भिंतीपर्यंत येते, अशी रहिवाशांची तक्रार आहे. 2019 च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, तेव्हापासून सोसायट्यांच्या सीसीटीव्हीत दिसणारी प्रत्येक मांजर तुमच्या व्हॉट्सॲपवर येते, आणि रात्री दोन वाजता येते. मागणी एकच असते: पिंजरा लावा आणि दूर सोडून या. तुम्ही सांगू पाहाल की, पकडून दुसरीकडे सोडलेले बिबटे जुन्या जागेच्या ओढीने भटकतात, अनोळखी मुलखात माणसांशी त्यांची गाठ पडते, रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो; जुन्नर भागातल्या अभ्यासांतून हे दिसले, 2004 मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती हल्ले वाढले तेव्हा अशा स्थलांतराकडे बोट दाखवले गेले, आणि 2011 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाही पकडापकडीऐवजी समजावणीवर भर देतात. हे सारे सांगून झाल्यावर सोसायटीचे सचिव शांतपणे विचारतात, "मग पिंजरा कधी येतोय?" उद्या, असे म्हणावे. रिकामा पिंजरा गेटजवळ उभा असला की रहिवासी गाढ झोपतात, आणि त्यात भक्ष्य न ठेवण्याचे शहाणपण आपल्या हाती असते.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून केलेल्या मोजणीवरही फार वाद घालू नये. एकच सांबर तीनदा पाणी प्यायले की तीन सांबरे होतात. या हिशेबाने उन्हाळा जितका कडक, तितके वन्यजीव जास्त. कॅमेरा सापळ्यांतली छायाचित्रे, अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखून मांडलेले गणित, या गोष्टींना महिने लागतात, आणि वार्ताहराला आकडा सकाळी नऊला हवा असतो.

पावसाळी अधिवेशनाच्या काळात रजा मागू नये. विधिमंडळात तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न आला की पाच वर्षांची माहिती दुपारी चारपर्यंत विहित नमुन्यात द्यायची असते. तो नमुना वाघांसाठी आखलेला असल्यामुळे सोनेरी कोल्हे, बगळे आणि खेकडे कोठे बसवायचे याची विवंचना करू नये. उरलेल्या रकान्यांत 'निरंक' लिहावे.

अशा रीतीने अकरा महिने सरले, मुदतवाढीचा प्रस्ताव वित्त शाखेत अडकला, की ना-देय प्रमाणपत्र घ्यायला भांडारात जावे लागते. तेथे जडवस्तू नोंदवहीप्रमाणे एकेक वस्तू परत करायची असते: दुर्बीण एक, जीपीएस यंत्र एक, गमबूट जोड एक, बॅटरी चार. दुर्बिणीचे झाकण होडीतून खाडीत पडले असेल तर त्याची किंमत मानधनातून कापली जाईल. ती मुकाट्याने भरावी. मग तुम्ही पिशवीतून हार्ड डिस्क काढाल आणि सांगाल की यात खाडीच्या सगळ्या मोजण्या आहेत, ओहोटीच्या वेळांसह, थव्यांच्या नकाशांसह. भांडारपाल नोंदवही मागून पुढे आणि पुढून मागे चाळतील. ही वस्तू कार्यालयाने खरेदी केलेली नाही, तिला नोंद क्रमांक नाही, सबब ती जमा करून घेता येत नाही, असे ते सांगतील. आणि ते नियमाप्रमाणे अगदी बरोबर असतील. डिस्क परत पिशवीत ठेवावी आणि प्रमाणपत्रावर शिक्का उमटला आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.