‘वृत्तपत्रे बंद पडली तर’ या निबंधाला आठपैकी तीन गुण

आज संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या वेळेस नववीतली एक मुलगी सहामाहीची मराठीची उत्तरपत्रिका घेऊन माझ्या टेबलाशी आली. काही न बोलता तिने निबंधाचे पान उघडून माझ्यासमोर ठेवले, आणि ते वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. विषय होता ‘वृत्तपत्रे बंद पडली तर’. तुमच्यापैकी ज्यांचे शिक्षण मराठीतून झाले, त्या बहुतेकांनी हा निबंध कधी ना कधी लिहिलेला असेल. या मुलीला त्यात आठपैकी तीन गुण मिळाले आहेत, शेवटच्या परिच्छेदावर लाल शाईने तिरपी रेघ ओढलेली आहे आणि समासात शेरा आहे, ‘विषय सोडून लिहिले आहे. गाईडमधील मुद्दे पाहावेत.’

तिचे, गावाचे किंवा शाळेचे नाव मी लिहिणार नाही. ती बीड जिल्ह्यातली आहे, तिचे आईवडील दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि ती मागे आजीजवळ राहून शाळा शिकते, एवढे पुरेसे आहे.

गाईडमधला निबंध कसा असतो हे आपल्याला पाठ आहे. तो 1832 सालच्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून सुरू होतो, वृत्तपत्र हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे असे सांगतो, मग नोकरीच्या जाहिराती, हवामानाचा अंदाज, शब्दकोडे आणि क्रिकेटचे निकाल यांची यादी देतो आणि ‘म्हणून वृत्तपत्रे बंद पडू नयेत’ असे म्हणून संपतो. या मुलीच्या निबंधाचे पहिले वाक्य असे आहे : ‘वृत्तपत्रे बंद पडली तर माझ्या आजीला तिचा मुलगा आणि सून घरी कधी येणार हे कळणार नाही.’

हे वाक्य ज्या परीक्षकाला थांबवू शकले नाही, त्याने किंवा तिने पुढचे काय वाचले असेल?

त्या वाक्यामागची हकीकत मला माहीत आहे, कारण ती माझ्यासमोर घडलेली आहे. ही मुलगी वाचनालयात प्रथम आली ती पुस्तकांसाठी आलीच नव्हती. आजी तिला पाठवत असे आणि कधी स्वतःही सोबत येऊन पायरीवर बसत असे. ‘कुठल्या कारखान्याचा पट्टा पडला, ते बघ आधी,’ एवढेच आजीचे सांगणे असायचे. गाळप हंगाम संपला की पट्टा पडतो, आणि पट्टा पडला की माणसे गावाकडे निघतात, म्हणून मार्च उजाडला की ज्या घरात म्हातारी माणसे आणि मुलेच उरलेली आहेत त्या घराला साखर कारखान्याची कोपऱ्यातली चार ओळींची बातमी सर्वांत मोठी असते. ही मुलगी ती बातमी शोधायची, आजीला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मग उरलेला पेपर स्वतःसाठी वाचायची. बातमी आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचते, हे तिला कोणत्याही धड्याने शिकवलेले नाही.

मग ती कपाटांकडे वळली. एका संग्रहात तिला मुक्ता साळवे यांचा निबंध सापडला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या, मातंग समाजातल्या या कोवळ्या वयाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी जे लिहिले, ते 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आले. त्यात एके ठिकाणी आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, असा विचार मांडलेला आहे. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून तिने तो मजकूर वाचला, पुन्हा वाचला आणि मला विचारले, ‘ताई, ही कोपीतल्या बाळंतिणीबद्दल लिहितीये का?’ तिचा धाकटा भाऊ उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, जन्मला आहे. आपण त्या निबंधाला दलित साहित्याचा आणि स्त्रियांच्या लेखनाचा आरंभ म्हणून मान देतो, त्यावर व्याख्याने ठेवतो, आणि या मुलीने त्याला आपल्या घरातली हकीकत म्हणून ओळखले. या दोन्हींपैकी खरे वाचन कोणते, हे माझ्या मित्रयादीतल्या लोकांना मी समजावून सांगावे असे मला वाटत नाही.

त्यानंतर मी तिला ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ दिले. भाषा जुनी आहे, जड जाईल, असे मला वाटले होते. तिने पुस्तकाआधी प्रस्तावना वाचली आणि तिथेच अडकली, कारण ते पुस्तक मुळात एका बातमीतून जन्माला आले आहे. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचे मूल मारल्याचा खटला चालला, तिला फाशीची शिक्षा झाली आणि मुंबईला अपील झाल्यावर फाशी जाऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुण्याच्या ‘पुणेवैभव’सारख्या पत्राने या निमित्ताने एकंदर स्त्रियांवरच तोंडसुख घेतले. हे वाचून बुलढाण्याची एक स्त्री संतापली आणि तिने 1882 साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून आपले उत्तर छापून घेतले. ते पुस्तक पुढे इतके विस्मरणात गेले की 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत बहुतेक मराठी वाचकांना त्याचा पत्ताही नव्हता.

नववीतल्या मुलीने हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘त्या बाईला फाशी सांगितली, मग त्या मुलाचा बाप कोण होता? त्याचं नाव बातमीत का नाही?’

मी या वाचनालयात इतकी वर्षे पुस्तके देते आहे. पीएच.डी. करणारी माणसेही ते पुस्तक नेऊन परत आणून देतात. हा प्रश्न असा थेट मला कोणी विचारलेला नव्हता. ताराबाईंच्या पुस्तकाचा कणाच हा प्रश्न आहे : दोष सगळा बाईच्या माथी आणि पुरुष चौकटीच्या बाहेर. पुस्तकाचा सारांश पाठ करून हे हाती लागत नाही. ज्या माणसाला बातमीत आपले माणूस शोधायची सवय लागलेली असते, त्याला बातमीत कोण नाही हेही दिसू लागते.

आणि तिला ते दिसू लागले. आमच्याकडे ऊसतोड कामगारांविषयीच्या कात्रणांची एक फाइल आहे. त्यात 2019 सालच्या बातम्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न तेव्हा विधिमंडळापर्यंत गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्याच फाइलमध्ये जानेवारी 2024 मधले कात्रण आहे, ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाल्याचे. तिने ही दोन कात्रणे बाकावर शेजारी शेजारी ठेवली. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मुकादम पुरुषाच्या हाती देतो, हिशेब कोयत्याचा होतो आणि खाडा पडला तर दंडही कोयत्यालाच लागतो, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. तिने जे लिहिले आणि ज्याच्यावर लाल रेघ आली, ते हे : दर वाढल्याची बातमी वाचून आजीला आनंद झाला, पण त्या बातमीत माझी आई नाही, कारण आईची मजुरी वेगळी कुठे मांडलेलीच नसते, आणि आई बातमीत येते ती पिशवी काढल्याच्या आकड्यात येते.

हे वाक्य मी इथे टाइप करताना माझा हात थरथरतो आहे. नववीतल्या मुलीने हे परीक्षेच्या वेळात, घड्याळाकडे पाहत, निळ्या पेनने लिहिले आहे. आणि आपण त्यावर काट मारतो! विषय सोडून! वृत्तपत्रे बंद पडली तर काय होईल या प्रश्नाला याहून विषयाला धरून उत्तर कोणते असू शकते? वृत्तपत्रे चालू असतानाही कोण त्यांच्या बाहेर राहते हे जिने दाखवले, तिने विषय सोडला नाही, तिने तो मुळापर्यंत नेला. तो परिच्छेद एखाद्या संपादकाने लिहिला असता तर आपण तो एकमेकांना पाठवत बसलो असतो.

शिक्षकांना शेकडो उत्तरपत्रिका तपासाव्या लागतात, त्यांच्यावर शिकवण्याखेरीज पन्नास कामे लादलेली असतात आणि गुण कोणत्या मुद्द्याला द्यायचे हे त्यांना आखून दिलेले असते, हे मला मान्य करावे लागते. तिने समारोप केला नाही आणि शुद्धलेखनाच्या चुका आहेत, हेही खरे. त्याचे गुण कापा. पण तिरपी रेघ?

आमच्या वाचनालयाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी उत्तरपत्रिका पाहून मला सांगितले की अशा मुलीला कथा-कादंबऱ्यांच्या आणि असल्या जुन्या पुस्तकांच्या नादी लावू नये, तिला पोलीस भरतीचे किंवा नर्सिंगच्या प्रवेशाचे पुस्तक द्यावे, म्हणजे ती या चक्रातून बाहेर पडेल. त्यांचा हेतू वाईट नाही आणि नोकरी मिळाल्याखेरीज तिचा कोयता सुटणार नाही हे मीही जाणते. ती पुस्तकेही मी तिला देतेच. परंतु गरिबाच्या मुलीने फक्त पोटापुरते वाचावे आणि अर्थ लावण्याचे काम ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांच्यासाठी राखून ठेवावे, ही वाटणी मला मान्य नाही आणि कधीही मान्य होणार नाही. मुक्ता साळवे यांना कोणी असे म्हटले असते तर 1855 सालचा तो मजकूर आपल्याला मिळाला नसता.

काही मित्र म्हणतील की आजच्या वृत्तपत्रांत वाचण्यासारखे राहिले आहे काय. पुष्कळ पाने जाहिरातींची आणि नेत्यांच्या वाढदिवसांची असतात, हे मी रोज सकाळी पेपर स्टँडला लावताना पाहते. तरीही गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी कोणा वार्ताहराने गावोगाव फिरून दिली म्हणूनच समिती बसली. आणि वाईट वृत्तपत्रही कसे वाचावे हे साहित्य शिकवते. ताराबाईंनी ज्या पत्राला उत्तर दिले, ते काही चांगले पत्र नव्हते.

लिहिता लिहिता माझा राग थोडा निवळला आहे. त्या लाल रेघेमागे बसलेल्या शिक्षकाचा किंवा शिक्षिकेचा मी विचार करते आहे. मी त्यांना ओळखत नाही. कदाचित त्यांनाही कोणी कधी पुस्तक उघडून ‘यात तुझे काय आहे ते शोध’ असे म्हटले नसेल, त्यांनीही पाठांतराच्या बळावरच पदवी आणि नोकरी मिळवली असेल, आणि गाईडबाहेरचा परिच्छेद समोर आल्यावर मुलीचे नुकसान होईल या काळजीपोटीच त्यांनी तो शेरा लिहिला असेल. उद्या दहावीला बोर्डाचा परीक्षक असाच वागला तर, ही भीती खोटी नाही. म्हणूनच मला वाटते की या शाळेतल्या सर्व भाषाशिक्षकांनी एकदा वाचनालयात यावे. मी पत्र देणार आहे. भांडायला बोलावत नाही. ती दोन कात्रणे, ती दोन पुस्तके आणि तो परिच्छेद एका टेबलावर ठेवायचे आणि सगळ्यांनी मिळून वाचायचे, इतकेच मनात आहे. पुस्तक आल्यावर ताराबाईंवर आपल्याच माणसांनी टीका केली तेव्हा जोतीराव फुल्यांनी 1885 साली ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली होती. लिहिणाऱ्या मुलीच्या पाठीशी कोणीतरी मोठ्या माणसाने लिहून उभे राहावे लागते, आणि गावात ग्रंथपाल असेल तर ते तिचे काम आहे असे मी मानते.

मुलगी रडली नाही, हे सांगायचे राहिले. गुणांबद्दल ती फारसे बोललीच नाही. तिचे लक्ष अजून सुरतेच्या त्या खटल्यावर आहे. न्यायालयाच्या कागदांत तरी त्या पुरुषाचा उल्लेख असेल का, आणि ‘पुणेवैभव’ने नेमके काय छापले होते ते कुठे वाचायला मिळेल, असे तिने मला विचारले आहे. आमच्या वाचनालयात यातले काही नाही. या यादीत मुंबईच्या अभिलेखागारात बसून काम करणारे, पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत जाणारे आणि सुरतेला नोकरीनिमित्त राहणारे मित्र आहेत. 1881 मधल्या त्या खटल्याचे अपिलातले कागद किंवा त्या काळातल्या वृत्तपत्रांतली त्याविषयीची कात्रणे कोणाला मिळू शकत असतील तर कृपया खाली लिहा. छायाप्रतीचा खर्च वाचनालय देईल. वाचता येण्याजोग्या प्रती हव्यात, कारण ती त्या आजीला मोठ्याने वाचून दाखवणार आहे.