आख्खा वर्ग नापास करणारे सर आणि ९७ टक्क्यांचा कर

भाच्याने काल समाजवादाची खिल्ली उडवणारा तो फिरता मजकूर पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, 'मामा, याला उत्तर आहे का?' आहे. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकाने जरी भागाकार करून पाहिला असता, तर विचारायची वेळ आली नसती.

मजकूर असा: अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाने एकदा आख्खा वर्ग नापास केला. मुलं म्हणत होती समाजवाद चालतो. सर म्हणाले, ठीक, यापुढे सगळ्यांच्या मार्कांची सरासरी काढू आणि तीच प्रत्येकाला देऊ. पहिल्या परीक्षेत सगळ्यांना 'बी', दुसरीत 'डी', तिसरीत 'एफ', म्हणजे नापास. अभ्यासू मुलांनी अभ्यास सोडला, बाकीच्यांनी तो धरलाच नव्हता. शेवटी पाच सुविचार.

सरांना नाव नाही, परीक्षेला साल नाही, कॉलेज दर आवृत्तीत वेगळं. २००९ साली त्यात ओबामांचं नाव घुसलं. असू दे. घडलं असं धरलं, तरी त्यातून काय सिद्ध होतं?

वर्गात ३० मुलं धरा. एकीने रात्री जागून ३० मार्क जास्त मिळवले. सरासरी वाढली १ ने. तिच्या वाट्याला १, बाकीचे २९ इतरांना. म्हणजे सरांनी मार्कांवर लावलेला कर जवळजवळ ९७ टक्के, पहिल्या मार्कापासून, सरसकट. एवढा कर लावल्यावर माणसं हात आखडतात हे कळायला तीन परीक्षा कशाला हव्यात? पण असा कर लावा म्हणतंय कोण? अमेरिकेत १९५० च्या दशकात आयकराचा वरचा दर बहुतेक वर्षं ९१ टक्के होता. तो फक्त सर्वांत वरच्या स्लॅबमधल्या रकमेवर, आणि पळवाटा इतक्या की प्रत्यक्षात तेवढा भरणारे विरळाच. अमेरिका काही 'एफ'वर आली नाही. स्लॅब मार्कांना लावून बघा: ८० च्या वर जेवढे मार्क, त्यावर ३० टक्के. ९० वालीचे ३ जातात, ८७ उरतात. ७० वाल्याचा एकही जात नाही. आता अभ्यास कोण सोडतंय?

शिवाय मार्क म्हणजे संपत्ती नव्हे. मार्क वारशाने मिळत नाहीत, त्यांवर व्याज चढत नाही, दुसऱ्याला पेपर लिहायला बसवून त्याचे निम्मे मार्क आपल्या नावावर करता येत नाहीत. भांडवलशाही आणि समाजवाद यांचं भांडण नेमकं याच तीन गोष्टींवरून आहे, आणि त्याच तिन्ही गोष्टी या वर्गात नाहीत.

बरं, सोव्हिएत संघात तरी सगळ्यांना सारखं मिळत होतं का? त्यांची १९३६ ची राज्यघटना उघडा, कलम १२: जो काम करणार नाही तो खाणार नाही, प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला कामाप्रमाणे. कामाप्रमाणे, सरासरीप्रमाणे नव्हे. सारख्या पगाराची तर १९३१ सालीच स्टालिनने भर भाषणात हजेरी घेतली होती. १९३५ साली स्ताखानोव्ह नावाच्या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचा गाजावाजा झाला, ठरलेल्या कामाच्या चौदा पट. (खाणीच्या छताला आधार लावायला मदतनीस होते, हे मागाहून सांगितलं गेलं.) मजुरी जेवढा माल तेवढी. हा सरांचा वर्ग वाटतो?

तरीही ती व्यवस्था कोसळली, आणि समाजवादावर खरी टीका करायची तर ती इथून सुरू होते. कारखान्याला उद्दिष्ट टनांत दिलं की माल जड होतो. झुंबरं सुंदर नाही, वजनदार बनतात, अशी तक्रार १९५९ साली खुद्द सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी केली. यंदा उद्दिष्टापेक्षा १० टक्के जास्त काढलं की पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट तेवढं वर जातं. म्हणून व्यवस्थापक कारखान्याची खरी ताकद लपवायचा, कच्चा माल साठवून ठेवायचा आणि उद्दिष्ट जेमतेम ओलांडायचा. किमती वरून ठरलेल्या, त्यामुळे कशाची टंचाई आहे हे किमतीवरून कळायचं नाही, रांगेवरून कळायचं. तोट्यातला कारखाना बंद पडायचा नाही, सरकार खड्डा भरून काढायचं. यात आळस कुठे आहे? सगळे आपापल्या बक्षिसामागे धावत होते. बक्षीसच चुकीच्या मापाला बांधलेलं होतं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. सामुदायिक शेतीत मजकुरातलं दुखणं खरंच झालं. चीनमध्ये दिवसभराच्या हजेरीवर पॉइंट मिळायचे आणि पॉइंटांवर पिकातला वाटा ठरायचा. निंदणी मन लावून केली की वरवर, हे दोन-तीन महिन्यांनी पिकात दिसतं, तेव्हा ती कुणी केली होती हे कुणाला आठवणार? १९७८ साली आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी गुपचूप करार करून जमीन कुटुंबवार वाटून घेतली; सरकारी कोटा भरल्यावर उरेल ते ज्याचं त्याचं. पीक वाढलं, आणि पुढे देशाने तीच वाट धरली. पण तिथेही जमिनीची मालकी सामुदायिकच राहिली, हे त्या मजकुरात बसत नाही.

आता सुविचार. 'एकाला न राबता मिळतं ते दुसऱ्याने राबून गमावलेलं असतं.' मान्य, पण हे घरभाडं, लाभांश आणि जमिनीचा खंड यांना आधी लागू होतं. मार्क्सने खाली सही केली असती. 'वाटून संपत्ती वाढत नाही.' तैवानमध्ये १९४९ साली कुळाने द्यायचा खंड पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर बांधला, १९५३ पासून कसणाऱ्याला जमीन दिली, उत्पादन वाढलं. करणारे होते कम्युनिस्टांशी लढून तिथे आलेले च्यांग काय-शेक. 'सरकार एकाकडून घेतल्याशिवाय दुसऱ्याला देत नाही' हे विमा कंपनीलाही लागू आहे, तिला कुणी समाजवादी म्हणत नाही. श्रीमंताला खाली ओढून गरीब वर येत नाही, हा सुविचार म्हणजे पुन्हा तीच सरासरी.

पाचवा सर्वांत आवडीने पाठवला जातो: निम्म्या लोकांना काम न करता खाता येतं असं वाटलं की देश संपतो. सरांच्या वर्गात सगळे एका वयाचे, धडधाकट. बाहेर लहान मुलं आहेत, म्हातारे आहेत, अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि त्या सगळ्यांचं घरी बिनपगारी करणारी माणसं आहेत. जगातल्या ८०० कोटींपैकी कमावतं काम करणारे निम्म्याहून कमीच भरतात. या हिशेबाने एकही देश शिल्लक राहायला नको होता.