‘ट्वाइन’चा ‘तीन’शी काहीही संबंध नाही

परवा काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर टाकला. असे मजकूर रोज येतात आणि मी ते सोडून देते. हा सोडता आला नाही, कारण आठवीतल्या भाचीने तो मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतला. मजकूर थोडक्यात असा: इंग्रजी ‘ट्वाइन’ आपल्या ‘तीन’वरून आला, कारण दोरी तीन पदरी असते. ‘कॉर्ड’ म्हणजे करदोडा, ‘स्ट्रिंग’ म्हणजे सूत्र. आणि इंग्रजांनी राज्य करताना हे शब्द नेले नि शब्दकोशांत त्यांचं मूळ लपवलं.

आधी ‘तीन’चं बघू. ट्वाइन म्हणजे पीळ घातलेला दोरा, सुतळी. क्रियापद म्हणून पीळ घालणं, वेलासारखं वेढे घेत जाणं. जुन्या इंग्रजीत तो ‘ट्वीन’ होता आणि मुळात अर्थ दुपदरी दोरा. दोन. तीन नव्हे! ‘टू’, जुळ्यांचा ‘ट्विन’, पीळ देण्याचा ‘ट्विस्ट’, सगळी एकाच घरातली भावंडं. जर्मनमध्ये पीळदार दोऱ्याला ‘त्स्विर्न’ म्हणतात, तिथेही तेच ‘दोन’ आहे.

हातभर दोरा घ्या. दोन्ही टोकं धरून पीळ देत राहा आणि मग मध्यावर दुमडा. दोन्ही पदर आपोआप उलट्या दिशेने एकमेकांवर चढतात आणि सोडले तरी उकलत नाहीत. माझी आजी घायपाताच्या वाखाची दोरी मांडीवर अशीच वळायची, दोन पेड घेऊन. आज दुकानातली सुतळी तीन पदरी निघेलही, पण शब्द घडला तो या दोन पेडांवरून.

आता इथे एक गोष्ट मान्य करावी लागते. ट्वाइनमधला ‘ट्वि’ आणि संस्कृतमधला ‘द्वि’ खरोखर नात्यातले आहेत. पण नातं भावंडांचं आहे, आईलेकीचं नाही. संस्कृतचे ब्रिटिश अभ्यासक विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं आहे की त्या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलेलाही नसेल. पुढे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये ध्वनिबदलाचे नियम दाखवले. संस्कृतच्या ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो: दश–टेन, दंत–टूथ, द्वि–टू. आणि ‘त’च्या जागी येतो ‘थ’: त्रि–थ्री, तृष्णा–थर्स्ट. म्हणजे ‘तीन’चा इंग्रजी नातेवाईक ‘थ्री’ आहे, ट्वाइन होऊच शकत नाही.

मला सगळ्यात जास्त राग आला तो मूळ लपवल्याच्या आरोपाचा. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० मध्ये. ट्वाइन त्याच्या कितीतरी शतकं आधीच्या इंग्रजी लिखाणात आहे. मग तो इथून नेला कधी? आणि शब्दकोश काही लपवत नाहीत. ‘जूट’ (ताग) बंगालीतून आला आणि ‘कॉयर’ (काथ्या) मल्याळममधल्या ‘कयर’वरून, हे इंग्रजी कोशांत सरळ छापलेलं आहे. तेरा वर्षांच्या मुलीला कोश उघडायच्या आधीच ‘तो खोटं बोलतो’ असं शिकवलं, तर ती उद्या शंका आली की बघणार कुठे?

बाकीचं भराभर. ‘कॉर्ड’ ग्रीक ‘खोर्डे’वरून लॅटिन आणि फ्रेंचमार्गे आला, अर्थ आतडं, आतड्याची तार. मजकुरात करदोड्यातला ‘कर’ हात म्हणून सांगितलाय, पण करदोडा कमरेला बांधतात, हे तरी लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. ‘स्ट्रिंग’ जुन्या इंग्रजीतल्या ‘स्ट्रेंग’चा, त्याचं सूत्राशी नातं नाही. सूत्राचं नातं शिवण्याशी आहे, ‘सिव्’ धातूशी. त्याची इंग्रजीतली खरी भावंडं म्हणजे शिवणारा ‘सो’ आणि डॉक्टर टाके घालतात तो ‘सूचर’, जो लॅटिनमधून आला.

काकांना हे सगळं मी ग्रुपवरच लिहिलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तसं त्यांचं अजून ‘पण साम्य आहे ना’ चालू आहे. भाचीने मात्र वहीतला ‘तीन’ खोडला. भाषणात ती आता ‘जूट’ आणि ‘कॉयर’ सांगणार आहे, आणि दोरा दुमडून दाखवण्यासाठी दप्तरात सुतळीचा तुकडा ठेवलाय.